नांगरवाल्यांचा ट्रक आणि त्याच्या जुन्या जाहिराती

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या जाहिरातींवर जे पानभर आलंय ते आमच्या घरात दोनदा वाचलं, आधी मी वाचलं आणि मग मुलाला मोठ्यानं वाचायला लावलं. साबणाच्या, चहाच्या, सायकलच्या पाट्या बघून खूप बरं वाटलं. पण शेवटी ट्रकबद्दल चार ओळीत जे उरकलंय, की ट्रकच्या जाहिराती म्हणजे मोटार कंपन्यांचं काम आणि त्या शहरातल्या व्यापाऱ्यांसाठी असायच्या, शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध नव्हता, ते मात्र बरोबर नाही. ट्रकच्या जाहिरातींचं एक अख्खं घराणं शेतीची अवजारं करणाऱ्या कंपनीतनं आलंय आणि त्या कंपनीचं नाव आपल्या सांगली साताऱ्याच्या जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडात बसलेलं आहे, फक्त ट्रक म्हणून नाही तर ट्रॅक्टर म्हणून. इंटरनॅशनल. म्हणजे पूर्ण नाव इंटरनॅशनल हार्वेस्टर, शिकागोची.

मला हे कसं माहीत ते आधी सांगतो. आमचे अण्णा म्हणजे माझे वडील सांगलीत ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, भिलवडीहून रोज रेल्वेनं जायचे. बी-२७५ ट्रॅक्टर खोलून परत जोडायचा म्हणजे त्यांना देवपूजेसारखं होतं. शिक्षण सातवीपर्यंत पण इंग्रजी पार्ट बुक वाचून वाचून इंग्रजी अक्षर ओळखायला लागले आणि मग त्यांना इंटरनॅशनल हे नाव जिथं दिसेल तो कागद जमवायचा नाद लागला. मिरजेत वानलेस हॉस्पिटलमुळं अमेरिकन मिशनची माणसं पूर्वीपासून राहायची, त्यांच्याकडं येणारी जुनी मासिकं नंतर रद्दीत यायची असं अण्णा सांगायचे, त्या रद्दीतनं त्यांनी एक एक पान शोधून आणलेलं. शिवाय शोरूमला आलेली कॅटलॉगं, कॅलेंडरं, जुनी झाली की मालक म्हणायचे ने घरी. हे सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत. आम्ही पोरं गोष्टीची पुस्तकं बघावीत तशी ती ट्रकची पानं बघायचो, गडद लाल रंगाचा ट्रक, मागं दुधाचे कॅन नाहीतर गवताचे भारे, हॅट घातलेला शेतकरी दाराला टेकून उभा, आणि खाली बारीक अक्षरात भरपूर काहीतरी लिहिलेलं. ते बारीक अक्षर मी मोठा झाल्यावर कॉलेजला असताना डिक्शनरी घेऊन वाचलं आणि मग मला कळलं की अण्णा नुसती चित्रं जमवत नव्हते.

आता मूळ गोष्ट. सायरस मॅकॉर्मिक नावाच्या माणसानं १८३१ साली व्हर्जिनियात घोड्यानं ओढायचं कापणीचं यंत्र चालवून दाखवलं, १८३४ ला पेटंट घेतलं आणि १८४७ ला शिकागोला कारखाना काढला. यंत्र तर बाकीच्यांनीही केलं होतं, पण विकायचं कसं हे त्याला कळलं. शेतात सगळ्यांच्या समोर कापणी करून दाखवायची, किंमत एकच आणि छापील, यंत्र चाललं नाही तर परत घ्यायची लेखी हमी, थोडे पैसे आधी आणि बाकीचे पीक हातात आल्यावर. म्हणजे आज ट्रॅक्टरच्या शोरूमात डेमो, वॉरंटी, हप्ता म्हणून जे आपण ऐकतो ते पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्यानं गव्हाच्या रानात उभं राहून केलं. पुढं १९०२ साली मॅकॉर्मिकची कंपनी, डिअरिंगची कंपनी आणि आणखी तीन लहान कंपन्या एकत्र करून इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. तोपर्यंत ह्यांचे डीलर अमेरिकेच्या खेड्याखेड्यात बसलेले होते. मोटार कंपन्यांकडं हे नव्हतं, त्यांची दुकानं शहरात.

आणि १९०७ ला ह्या अवजारवाल्यांनी गाडी काढली. नाव ऑटो बग्गी. ती दिसायला मोटार नव्हतीच, घोडागाडीच होती असं म्हणा, बैलगाडीसारखी उंच चाकं, त्याला भरीव रबर, दोन सिलिंडरचं हवेवर थंड होणारं इंजिन. चाकं उंच का तर रस्ते म्हणजे चिखलाच्या चाकोऱ्या, शहरातली बुटकी मोटार त्यात पोटावर बसायची. पाणी नसलेलं इंजिन का तर कडाक्याच्या थंडीत रेडिएटर गोठायची भानगड नको. मागची सीट काढली की माल भरायला जागा, सीट लावली की घरची माणसं. दोन वर्षांनी ऑटो वॅगन आली, ती तर मालासाठीच. मला हे वाचताना सारखी आपली ट्रॅक्टर ट्रॉली डोळ्यापुढं येते, आठवडाभर शेणखत आणि ऊस आणि जत्रेला त्याच ट्रॉलीत सतरंजी टाकून अख्खी भावकी. शेतकऱ्याला एका कामाची गाडी परवडत नाही हे त्या कंपनीला कळलं होतं कारण ती आधी शेतकऱ्याला ओळखत होती आणि मग गाडीकडं आली, मोटारवाले उलट्या बाजूनं आले. जाहिरातीतला फरक इथंच पडला असं माझं मत आहे.

सगळ्यात मला आवडते ती रेड बेबीची गोष्ट. १९२१ च्या सुमारास कंपनीनं एक हलका वेगवान ट्रक काढला, तो डीलर लोकांना घ्यायला लावला आणि सगळे एकाच लाल रंगात. सांगितलं काय, तर दुकानात बसून गिऱ्हाइकाची वाट बघू नका, मागं नांगर टाका, दुधातनं साय वेगळी काढायचं क्रीम सेपरेटर टाका, इंजिन टाका आणि शेतकऱ्याच्या दारात जा. तेव्हा शेतीमालाचे भाव पडलेले, दुकानाकडं कोण फिरकत नव्हतं. मग काय झालं, तो लाल ट्रक रस्त्यानं धुरळा उडवत आला की लांबनं कळायचं हार्वेस्टरवाला आला. म्हणजे ट्रक विकायसाठी जाहिरात आणि जाहिरात म्हणून परत ट्रकच. नांगर विकायला आलेल्या माणसाचा ट्रक चिखलातनं निघून गेलेला शेतकऱ्यानं स्वतः बघितला की त्या ट्रकबद्दल वेगळं छापायची गरजच काय. आपल्याकडं बियाण्याच्या आणि खताच्या कंपन्यांच्या गाड्या भोंगा लावून गावात येतात त्याचं मूळ असल्याच कामात आहे.

इथं मला आपल्या वाडीची आठवण येते आणि माझ्या पत्राचा खरा मुद्दा पण तोच आहे. किर्लोस्करवाडी आमच्यापासनं हाकेच्या अंतरावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात असताना कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर केला आणि शेतकरी म्हणायला लागले की लोखंडानं जमीन विषारी होते. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढं औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि १९१० ला माळरानावर वाडी उभी राहिली. तिथं पण तेच करावं लागलं, शेतात नेऊन चालवून दाखवायचं. आणि १९२० साली किर्लोस्कर खबर हे पत्रक निघालं, शंकरराव किर्लोस्करांनी काढलेलं, कारखान्याच्या मालाची आणि गिऱ्हाइकांची खबरबात म्हणून. शंकरराव स्वतः चित्रकार. त्या खबरीचं १९२९ ला किर्लोस्कर मासिक झालं, १९३० ला स्त्री आलं, १९३४ ला मनोहर, आणि मराठी वाचकाची एक पिढी त्याच्यावर वाढली. नांगराच्या आणि पंपाच्या जाहिरातीच्या कागदातनं मासिकं उगवली हे आपल्या जिल्ह्यात झालंय, आणि आपण म्हणतो शेतकऱ्याचा जाहिरातीशी संबंध नव्हता.

तिकडं शिकागोवाल्यांचंही असंच होतं. हार्वेस्टर वर्ल्ड नावाचं मासिक कंपनीच्या माणसांसाठी, ट्रकवाल्यांसाठी इंटरनॅशनल ट्रेल नावाचं वेगळं. त्यात कुठल्या गावात कोण आपला ट्रक कशाला वापरतो ह्याचे फोटो यायचे. बर्फ कोण वाहतो, लाकडाचे ओंडके कोण वाहतो, मेंढ्या कोण नेतो. खबरीत जसं अमक्या गावच्या शेतकऱ्यानं आमच्या नांगरानं अमकं रान नांगरलं तसंच. हे एकमेकांचं बघून केलं की नाही ते माहीत असायचं कारण नाही, अवजारवाल्याला कुठंही गेलं तरी असंच विकावं लागतं. नुसती ऐट दाखवून शेतकरी खिशात हात घालत नाही.

आता त्या खुणेबद्दल. आपल्याकडं जुन्या ट्रॅक्टरच्या पुढं जी आयएच अशी इंग्रजी अक्षरं दिसायची ती सगळ्यांनी बघितलीत पण त्यात काय आहे ते मला अण्णांनी दाखवलं. अंगणात काठीनं धुळीत काढून. लहान आय म्हणजे मधी बसलेला माणूस, वरचा टिंब त्याचं डोकं, आणि काळं जाड एच म्हणजे दोन्ही बाजूंची ट्रॅक्टरची चाकं. समोरनं ट्रॅक्टर येताना बघा, तस्सं दिसतं. हे चिन्ह रेमंड लोवी ह्या नामवंत डिझायनरनं १९४० च्या दशकात केलं, ज्यानं पुढं शेल पेट्रोलचा शिंपला पण आजच्या रूपात आणला. ट्रकवर ते चिन्ह आलं आणि त्याच्याबरोबर पत्त्यातले तीन चौकट एकमेकात अडकवल्यासारखं ट्रिपल डायमंड म्हणून ट्रकचं स्वतःचं चिन्ह पण होतं. लोवीनंच ह्यांच्या मेट्रो नावाच्या डिलिव्हरी व्हॅनचं अंग १९३८ ला डिझाइन केलं, दूध आणि पाव दारोदार पोचवायची गाडी, ड्रायव्हर उभ्या उभ्या आत बाहेर करू शकेल अशी. त्याचं एक चार पानी कॅटलॉग आमच्या ट्रंकेत होतं. होतं म्हणतोय, त्याचं पुढं सांगतो.

युद्धानंतरच्या, म्हणजे १९५० नंतरच्या जाहिराती माझ्या मते सगळ्यात भारी. मोटार कंपन्या तोपर्यंत पिकअप ट्रकला मोटारीसारखं नटवून विकायला लागल्या होत्या, क्रोमची पट्टी, दोन रंग, बायकोला पण आवडेल वगैरे. इंटरनॅशनलवाले जाहिरातीत उलट सांगायचे की आमच्या ट्रकमध्ये मोटारीचे पार्ट घालून ट्रकचं काम करून घेतलेलं नाही, इंजिनापासनं चासीपर्यंत सगळा ट्रकच आहे, म्हणून तो जास्त दिवस चालतो आणि शेवटी पैसे वाचतात. हे एकच म्हणणं वर्षानुवर्षं वेगवेगळ्या चित्रांनी. चित्र पण कसं, ट्रक उभा करून बाजूला बाई नाही, ट्रक भरलेला, काम चाललेलं. किती वजन भरायचं, पुढच्या ॲक्सलवर किती, मागं किती, व्हीलबेस केवढा, कुठल्या कामाला कुठलं मॉडेल हे सगळं बारीक अक्षरात. अण्णा म्हणायचे बाकीच्या जाहिराती भिंतीला लावायच्या आणि ही जाहिरात खिशात घालून वर्कशॉपला न्यायची.

१९५७ ला त्यांच्या ट्रकला पन्नास वर्षं झाली तेव्हा ए लाइन काढली, ए म्हणजे ॲनिव्हर्सरी. वाकवलेली रुंद काच, सपाट बॉनेट. त्याच वर्षी ट्रॅव्हलेट आलं, पिकअपच्या केबिनमध्येच सहा माणसं बसतील असं. आज आपल्या रस्त्यावर डबल केबिनचं पिकअप म्हणून जे दिसतं त्याची ती आजी म्हणा. त्याच्या आधी १९५३ ला ट्रॅव्हलॉल, ट्रकच्या चासीवर बंद मोठी गाडी, सगळं घर बसेल अशी. आता लोक पंचवीस तीस लाख घालून असल्या गाड्या घेतात. आणि १९६० च्या शेवटी स्काउट, जीपला टक्कर द्यायला, ती वीस वर्षं चालली आणि पाच लाखांवर गाड्या झाल्या. स्काउटच्या जाहिरातीत मात्र हळूहळू शेत मागं पडत गेलं, समुद्रकिनारा आला, डोंगर आला, तरुण पोरं पोरी आली. अण्णांना त्या पानांत रस नव्हता, जमवली होती पण वर काढायचे नाहीत.

सगळं चांगलंच होतं असं मी म्हणणार नाही. हे ट्रक जड होते, पेट्रोल भरपूर प्यायचे, आणि ते जाहिरातीत कधी मोठ्या अक्षरात आलं नाही. मजबूत आहे मजबूत आहे म्हणत बसले आणि तोवर गिऱ्हाईक बदललं, त्याला आता आरामाची सीट पाहिजे होती, आवाज कमी पाहिजे होता. १९७५ ला पिकअप आणि ट्रॅव्हलॉल बंद. १९७९ च्या शेवटी कामगारांचा संप सुरू झाला तो १७२ दिवस चालला, त्यानंतर १९८० ला स्काउट बंद आणि पाठोपाठ अमेरिकेत शेतीचं कर्जाचं संकट आलं. ट्रॅक्टर विकला जाईना. १९८५ मध्ये शेती अवजारांचा धंदा टेनेको नावाच्या कंपनीला विकला, तो त्यांच्या केस कंपनीत गेला आणि केस आयएच नाव झालं, उरलेल्या ट्रकच्या धंद्याला १९८६ ला नॅव्हिस्टार नाव दिलं. म्हणजे ज्या अवजारांच्या जिवावर ट्रक उभा राहिला ती अवजारं गेली आणि ट्रक राहिला. अण्णांना हे मी बऱ्याच वर्षांनी सांगितलं, ते दोन मिनिटं काय बोलले नाहीत आणि मग विचारलं, मग डीलर कुणाकडं गेले? त्यांना कंपनीपेक्षा गावोगावच्या त्या दुकानदारांची काळजी.

आपल्याकडचा धागा पण सांगायलाच पाहिजे कारण त्याशिवाय हे पत्र सांगलीच्या पेपरात कशाला. १९६३ ला महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्याबरोबर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, १९६५ पासनं बी-२७५ बाहेर पडायला लागला, मूळ इंग्लंडमधलं मॉडेल. आपल्या पाणथळ उसाच्या रानात तो ट्रॅक्टर कसा चालला हे वाळवा पलूसच्या जुन्या माणसांना विचारा, अजून कुणाच्या गोठ्यापुढं एखादा उभा असेल आणि सेल मारला तर चालू होईल. पुढं २००५ ला महिंद्रानं ट्रक करायसाठी त्याच घरातल्या नॅव्हिस्टारशी हात मिळवला, चाकणला कारखाना झाला, आणि काही वर्षांनी महिंद्रानं तो हिस्सा विकत घेतला. आणि आता तिसरी गोष्ट, ती तुमच्या डोळ्यासमोर आहे. गळीत हंगामात रात्री अपरात्री मोठे दिवे लावून उसाच्या फडात जे लाल हार्वेस्टर चालतात त्यातल्या कित्येकांच्या अंगावर केस आयएच लिहिलेलं असतं. ती आयएच अक्षरं म्हणजे तीच. टोळ्या मिळत नाहीत म्हणून ते मशीन आणतोय आपण, त्याच्यावरची दोन अक्षरं १९०२ सालापासनं आलीत हे फडातल्या कुणाला माहीत नाही, मशीनवर बसलेल्या पोरालाही नाही, मी त्याला विचारलंय. तो म्हणाला कंपनीचा कायतरी नंबर असेल. मग त्याला मी बांधावर काठीनं धुळीत काढून दाखवलं, डोकं, माणूस, दोन चाकं. त्यानं मोबाइलमध्ये फोटो घेतला.

आता ट्रंकेचं. २०१९ चा ऑगस्ट. भिलवडीत पाणी कुठवर आलं ते तुमच्याच पेपरात रोज येत होतं. आम्ही म्हातारी माणसं आणि जनावरं काढली, अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडलो, ब्रह्मनाळची बोट उलटली त्या दिवसांत कागदाचं नाव कोण काढणार आणि मीही काढलं नाही. पाणी उतरल्यावर आलो तर ट्रंक माडीवर नव्हती, खालीच राहिलेली, उघडली तर आत चिखल, पानाला पान चिकटून वीट झालेली. अण्णा तेव्हा नव्हते हे एका परीनं बरं झालं. मी आणि मुलगा, आम्ही तुमच्याच पेपरच्या जुन्या रद्दीत एक एक पान ठेवून पंख्याखाली वाळवली, चकचकीत कागद एकदा चिकटला की सुटत नाही, सोडवायला गेलं की चित्र दुसऱ्या पानावर जातं. मेट्रोचं कॅटलॉग गेलं. बी-२७५ ची मराठी कॅलेंडरं सगळी गेली आणि ह्याचं जास्त वाईट वाटतं कारण इंग्रजी पानं जगात कुणाकडं तरी असतील, मराठी कॅलेंडर कुणाकडं असणार. वाचली ती एकोणीस पानं. त्यात १९५७ चं सोनेरी वर्धापनवालं एक आहे, खालचा कोपरा गेलाय.

ती एकोणीस पानं घेऊन मी जिल्ह्यातल्या एका संस्थेत गेलो होतो, जपून ठेवाल का म्हणून. तिथल्या साहेबांनी चहा दिला, पानं बघितली, आणि म्हणाले ह्या तर जाहिराती आहेत, कागदपत्रं असतील तर आणा. मला राग आला नाही, वाईट वाटलं. कारण तिकडं अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या इतिहास संस्थेनं मॅडिसनला मॅकॉर्मिक आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरचा अख्खा दप्तरखाना ठेवलाय, पत्रव्यवहार, फोटो, पोस्टर, कॅटलॉगं, जाहिराती सगळं, आणि त्यातली पुष्कळ चित्रं मी इथं भिलवडीत बसून मोबाइलवर बघू शकतो. त्यांच्या लेखी जाहिरात म्हणजे कागदपत्रच. कुठल्या साली शेतकऱ्याला काय लागत होतं, त्याची भीती कसली होती, पैसे कसे देत होता, रस्ता कसा होता, घरातली बाई गाडीत बसत होती का, हे सरकारी दप्तरात कमी आणि जाहिरातीत जास्त सापडतं. लोखंडी नांगरानं जमीन नासत नाही असं कुणाला तरी पटवून द्यावं लागलं, त्यावरनंच तर कळतं ना की शेतकऱ्याच्या मनात तशी भीती होती.

आणि आपल्याकडं काय कमी आहे का. वाडीचे नांगर, उसाचे चरक आणि पंप. साताऱ्याला कूपरचा कारखाना, नांगर आणि डिझेल इंजिनं, ज्यांचे धनजीशा कूपर १९३७ ला काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते. ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील. ह्या सगळ्यांच्या पत्र्याच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, बैलांच्या जोडीची कॅलेंडरं, दुकानदाराला दिलेली काचेवर रंगवलेली चित्रं. माझ्या लहानपणी भिलवडी स्टेशनपासनं गावापर्यंत येताना मी सहा सात मोजायचो. आता एनॅमलची पाटी दिसली की कुणीतरी मुंबई पुण्याकडचं गाडी घेऊन येतं आणि दोन चार हजार देऊन काढून नेतं, नाहीतर भंगारात किलोवर जाते. भिंतीचं तर काय, घर नवीन रंगवलं की गेली. रंगवणारे पेंटर लोक खाली कोपऱ्यात बारीक आपलं नाव गाव टाकायचे, ते पण जातं. ज्यानं वीस फूट भिंतीवर दोरी धरून सरळ रेघ मारली आणि इंजिनाच्या फ्लायव्हीलचा गोल हातानं काढला त्याचं नाव तरी राहावं.

तर माझी विनंती अशी आहे की तुमच्या पेपरनं आठवड्याला एक चौकट ह्याच्यासाठी द्यावी, मोठी नको. वाचकांनी आपल्या घरातली, गावातली शेती अवजारांची, ट्रकची, ट्रॅक्टरची जुनी जाहिरात, पाटी, कॅलेंडर, बिल, डीलरची पावती, भिंत, ज्याचा फोटो मिळेल तो पाठवावा आणि खाली चार ओळी, कुठं मिळालं, कुणाच्या दुकानातलं, साल माहीत असेल तर साल. ट्रकवाल्यांच्या घरी पण विचारा, विटा, आटपाडी, कराड इकडं पिढीजात ट्रकवाले आहेत, पहिला ट्रक घेतला तेव्हाचं छापील कोटेशन कुणीतरी देव्हाऱ्यात ठेवलेलं असतं हे मी स्वतः बघितलंय, हळद कुंकू लावलेलं. ज्यांच्याकडं कागद आहेत त्यांनी ट्रंकेत घालून खालच्या घरात ठेवू नये, माडीवर ठेवावेत, आणि आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, एवढं मी पुरातनं शिकलोय. आपल्या गावच्या वाचनालयांनी एक कपाट मोकळं केलं तर माझी एकोणीस पानं मी त्यात पहिली ठेवायला तयार आहे, बदल्यात काय नको.

सोबत १९५७ च्या पानाची रंगीत झेरॉक्स पाठवतोय, मूळ पान पाठवायचा धीर होत नाही, बघायचं असेल तर कधीही घरी या. आणि अजून एक, हे जरा घाईचं आहे. तासगाव रस्त्याला एका जुन्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर ऑइल इंजिनाची जाहिरात अजून शिल्लक आहे, निळा रंग उडालाय पण चाक आणि अर्धी ओळ वाचता येते, खाली पेंटरची सही पण आहे. मालकांशी बोललोय, माणूस चांगला आहे, पण पोराचं लग्न ठरलंय आणि दिवाळीआधी रंग लावणार म्हणतात. तुमचा फोटोग्राफर त्याआधी आला तर स्टेशनवरनं मी मोटरसायकलवर घेऊन जातो, त्यांना सकाळी नको, दुपारी चारनंतर पाठवा, तेव्हा त्या भिंतीवर ऊन येतं.

आपला,
एक जुना वाचक
भिलवडी, ता. पलूस, जि. सांगली